पहिल्यांदाच कुत्रं किंवा मांजर पाळताय? दवाखाना, लसी आणि रोजची निगा

पाळीव प्राण्याचा डॉक्टर बहुतेक घरांत फार उशिरा शोधला जातो. रात्री अकरा वाजता पिल्लाला रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणाला चांगला व्हेट माहीत आहे का?’ असा मेसेज येऊन पडतो. तेव्हा लसीचं कार्ड सापडत नाही, पिल्लाचं वजन कुणालाच ठाऊक नसतं आणि त्यानं काल नक्की काय खाल्लं यावरून घरात दोन मतं असतात. ती रात्र येण्याआधी करायची कामं इथे क्रमाने देतोय. जनावर धडधाकट असताना डॉक्टरांची ओळख करून घ्यायची आणि आपल्या जनावराचं रोजचं रूप नजरेत बसवून ठेवायचं, यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. बाकीचं त्यामागून येतं.

१. प्राणी घरी येण्याआधी डॉक्टर ठरवा

पशुवैद्यकाची पदवी बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही असते आणि आपल्याकडे त्यांची नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. पेट शॉपमध्ये इंजेक्शन टोचून देणारा मुलगा, ब्रीडरचा ‘आपलाच माणूस’ आणि ग्रूमिंगवाले यांच्यापैकी कुणीही डॉक्टर नाही, मग त्यांचा अनुभव कितीही वर्षांचा असो. गावाकडे सरकारी दवाखान्याच्या पाटीवर श्रेणी-१ किंवा श्रेणी-२ असं लिहिलेलं असतं. श्रेणी-१ला पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतात, श्रेणी-२ला बहुधा पशुधन पर्यवेक्षक. साध्या लसीकरणासाठी दोन्ही ठिकाणी विचारून पाहावं, पण आजारी कुत्रं घेऊन जायचं असेल तर पाटी वाचूनच निघा.

सरकारी दवाखान्यांचा मुख्य भर गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांवर असतो, हे लक्षात ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या मोठ्या तपासण्या आणि ऑपरेशनसाठी पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने खूप उपयोगी पडतात. मुंबईत परळला १८८६ पासूनचं महाविद्यालय आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ इथेही आहेत. रांगेत बसावं लागतं, विद्यार्थ्यांचा घोळका भोवती असतो, पण खाजगीच्या मानाने खर्च कमी येतो आणि तज्ज्ञ एका छताखाली मिळतात. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय माहीत असतंच. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांसाठीचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं आहे.

रोजच्यासाठी मात्र घराजवळचा, शक्यतो अर्ध्या तासात पोचता येईल असा दवाखाना हवा. त्यांना चार गोष्टी विचारा: रात्री आणि रविवारी काय करायचं, एक्स-रे आणि सोनोग्राफी इथेच होते का, रक्त तपासायला कुठे पाठवता, आणि मांजरं नियमित पाहता का. शेवटचा प्रश्न मांजरवाल्यांनी गाळू नये. कुत्र्यांत हात बसलेला प्रत्येक डॉक्टर मांजराला तितक्याच सहज हाताळतो असं नाही.

२. पहिली भेट: आल्यापासून दोन-तीन दिवसांत

पिल्लू ठणठणीत दिसत असलं तरी न्यायचं. सोबत जुनं लसीकरणाचं पुस्तक, आधी काय खात होतं याची माहिती आणि त्याच दिवशीची शी एका छोट्या डबीत न्या. शी नेताना लोक संकोचतात. डॉक्टरांना तिचं काही वाटत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसली की अंदाजाने औषध द्यायची गरज उरत नाही.

लसी पूर्ण नसलेलं पिल्लू दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका. आजारी कुत्री तिथेच येऊन गेलेली असतात. मांडीवर, नाहीतर टोपलीत धरा.

मांजरासाठी कडक बास्केट घ्या, वरून उघडणारी मिळाली तर उत्तम. पिशवीत किंवा ओढणीत गुंडाळून रिक्षातून नेलेलं मांजर सिग्नलला उडी मारून पसार होतं. बास्केट फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून काढली तर मांजर ती बघूनच पलंगाखाली शिरेल. म्हणून ती बाराही महिने खोलीच्या कोपऱ्यात उघडी ठेवा, आत जुना टॉवेल घाला, अधूनमधून खाऊ टाका. नेताना वरून चादर टाकली की बाहेरचं दिसत नाही आणि बरीचशी मांजरं शांत राहतात.

घरात आधीचं मांजर असेल तर नवं पिल्लू दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. पॅनल्युकोपेनिया नावाचा आजार म्हणजे कुत्र्यांच्या पार्वोचा (उलट्या आणि रक्ताचे जुलाब घडवणाऱ्या विषाणूच्या आजाराचा) मांजरांतला भाऊबंद, आणि तो एका पिल्लाबरोबर सगळ्या घरात शिरतो.

३. लसी: एक डोस पुरत नाही, त्याचं कारण

‘ब्रीडरने सांगितलं, लसी झाल्यात.’ हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकू येतं. पुस्तक उघडून पाहा. लस दिली की डॉक्टर बाटलीवरचं छोटं स्टिकर सोलून पुस्तकात चिकटवतात, त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. शेजारी तारीख, सही आणि शिक्का. स्टिकर नसेल, नुसती पेनाने तारीख लिहिलेली असेल तर ती लस झालीच नाही असं समजून डॉक्टरांशी बोला. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. उन्हातून पिशवीत फिरलेली लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच.

पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून काही आठवड्यांचं संरक्षण मिळतं. तेच संरक्षण लसीलाही निष्प्रभ करतं. ते कुणाचं आठव्या आठवड्यात ओसरतं, कुणाचं चौदाव्या, आणि बाहेरून ते कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत सोळा आठवड्यांपर्यंत जायचं असतं. मधला एखादा डोस ‘आता बरा दिसतोय की’ म्हणून गाळला, तर नेमका तोच लागू पडणारा असू शकतो.

कुत्र्याच्या मुख्य लसीत डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस हे आजार येतात आणि तिच्यासोबत बहुधा लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) लस असते. मांजराच्या तिहेरी लसीत पॅनल्युकोपेनिया आणि सर्दी-डोळ्यांचे दोन विषाणू येतात. ती आठ-नऊ आठवड्यांना सुरू होते. रेबीज दोघांनाही, साधारण तीन महिन्यांना. पुढचा डोस कधी ते डॉक्टर सांगतील आणि त्यानंतर दरवर्षी. लेप्टोही दरवर्षीच लागते. बाकीच्या लसी मोठेपणी दरवर्षी द्यायच्या की तीन वर्षांनी, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. तुमच्या डॉक्टरांना त्यांचं कारण विचारा.

‘आमचं मांजर घराबाहेर जातच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: विषाणू चपलेवरून येतो. रेबीजचं म्हणाल तर मुंगूस किंवा भटकं मांजर खिडकीतून आत यायला एक रात्र पुरते.

लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्याजवळच थांबा. क्वचित एखाद्याचं तोंड सुजतं, अंगावर गांधी उठतात किंवा उलट्या होतात. लगेच इंजेक्शन दिलं की ते आटोक्यात येतं. त्या दिवशी थोडं मरगळणं, हलकी कणकण मात्र नेहमीचीच.

लसी पूर्ण होईपर्यंत बागेत, रस्त्यावर पिल्लू खाली सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीचचं पाणी लागतं. ज्या घरात पिल्लू पार्वोने गेलं तिथे लगेच दुसरं आणणं म्हणजे त्याला मरायला आणणं. पण सोळा आठवडे कोंडूनही ठेवू नका. माणसांची, आवाजांची, गाड्यांची सवय याच वयात लागते. कडेवर घेऊन फिरवा, गॅलरीत बसवा, लसी झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी भेटवा.

मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागतात. तेव्हा ते पुस्तक नीट जपा, आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

४. रेबीजबद्दल जरा वेगळं

लक्षणं दिसल्यावर रेबीजवर इलाज नाही, जनावरालाही नाही आणि माणसालाही नाही. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की सैरावैरा धावणारं, चावत सुटलेलं डोळ्यांसमोर येतं. मुका रेबीज वेगळा असतो. कुत्रं कोपऱ्यात बसतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि कुणीतरी तोंडात हात घालून बघतो. गाईच्या बाबतीतही गावोगाव हेच होतं. लाळ गाळणाऱ्या, जबडा न मिटणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका. त्याला बंद जागी ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची पूड काही लावायचं नाही. तिथून थेट माणसांच्या दवाखान्यात. आपल्या लस दिलेल्या कुत्र्याला भटक्याने चावा घेतला, तरी त्याचीही जखम अशीच धुऊन (हातमोजे घालून) त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लस झालेली असली तरी बूस्टर लागतो. ६ जुलैच्या प्राणिजन्य रोग दिनाला आणि २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला ठिकठिकाणी मोफत लसीकरण असतं, त्याचा फायदा घ्या. गल्लीतल्या कुत्र्यांनाही नेता आलं तर आणखी बरं.

५. जंत, पिसवा आणि आपला खरा शत्रू गोचीड

जंताचं औषध पिल्लाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि मोठ्या जनावराला साधारण तीन महिन्यांनी देतात. डोस वजनावर ठरतो, म्हणून दर वेळी वजन करा. घरी करायचं तर काट्यावर आधी एकटे उभे राहा, मग पिल्लाला घेऊन. जंत मुलांच्याही पोटात जातात, हेही विसरू नका.

गोचिडीवर जास्त लिहितो, कारण आपल्या हवेत कुत्र्यांना सगळ्यात जास्त छळणाऱ्या गोष्टींत ती येते. कुत्र्याच्या अंगावर दिसते ती फौजेची छोटी तुकडी. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि खिडकीच्या चौकटीत, फरशीच्या फटीत, दिवाणाच्या मागे हजारो अंडी घालते. पिल्लं पुन्हा कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. म्हणून आज अंगावरच्या चाळीस वेचल्या तरी पुढच्या आठवड्यात तितक्याच दिसतात.

चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका, रॉकेल ओतू नका, काडी लावू नका. बाकी काम औषध करतं. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर या गटाच्या चघळायच्या गोळ्या मिळतात, एक साधारण बारा आठवडे चालते, बाकीच्या महिनाभर. महाग आहेत, पण गोचिडीतून येणाऱ्या एका तापाच्या, म्हणजे टिक फीव्हरच्या, खर्चापुढे काहीच नाहीत. कुत्र्याला फिट येत असतील तर त्या देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. घरातल्या फटी, कोपरे व्हॅक्यूमने किंवा खराट्याने काढा, अंथरुणं गरम पाण्यात धुवा.

टिक फीव्हर म्हणजे एर्लिकिया किंवा बबेसिया. कुत्रं आधी नुसतं ‘उदास’ असतं. खाणं निम्म्यावर येतं, ताप चढतो-उतरतो, हिरड्या फिकट दिसू लागतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी चहाच्या रंगाची होते. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्स घसरलेल्या असतात. एर्लिकियाचं औषध डॉक्सिसायक्लिन, बहुधा चार आठवडे. कुत्रं चौथ्या दिवशी उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात, तिथे घात होतो.

आता मांजरवाल्यांनी हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं: कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावायचं नाही. त्यातल्या काहींत असलेलं परमेथ्रिन मांजराला मारतं. गोठ्यात गुरांवर फवारायचं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझही घरात मांजर असेल तर कुत्र्याला लावू नका, मांजर त्याला चाटतं, त्याच्याशेजारी झोपतं.

६. खाणं

दूध-पोळीवर कुत्रं जगतं हे खरं. धडधाकट राहतंच असं नाही. वाढत्या पिल्लाला प्रथिनं आणि कॅल्शियम योग्य प्रमाणात लागतात. घरचं द्यायचं तर अंडी, चिकन-भात, भाज्या यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, नाहीतर पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाणं द्या. मनाने कॅल्शियमचं सिरप पाजणं मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांना बाधतं. दूध अनेकांना पचत नाही, जुलाब होतात.

कुत्रं काळजीपूर्वक आखलेल्या शाकाहारावर राहू शकतं. मांजर राहू शकत नाही. त्याला टॉरिन हे पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय निकामी होतात. श्रावण तुम्ही जरूर पाळा, मांजराला त्यातून सूट द्या.

कांदा-लसूण (म्हणजे आपला जवळपास प्रत्येक रस्सा), मनुका-बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट आणि शुगरफ्री च्युइंगममधला झायलिटॉल हे विषासारखं. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. फुलदाणीतली लिली मांजराच्या किडन्या बंद पाडते, पराग चाटला तरी.

७. दर आठवड्याची पाच मिनिटं

प्राणी दुखणं लपवतात, मांजर तर फारच. म्हणून तब्येत बरी असतानाचं रूप माहीत हवं. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा. ती पांढरी पडते आणि बोट उचलल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. निरोगी असताना हे चार-पाच वेळा करून बघा म्हणजे हाताला कळेल. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांच्यात खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजा, तिसाच्या आत हवी. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण दुरून दिसता कामा नयेत. बहुतेक फ्लॅटमधली लॅब्राडॉर या परीक्षेत नापास होतात.

कान हुंगा. पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत आंबूस वास आणि तपकिरी मळ दिसला की बुरशी झालेली असते. कापसाची काडी आत घालू नका. दात पाहा, बोटं फाकवून पंजे पाहा, शेपटीखाली पाहा.

कुत्र्या-मांजराचं नॉर्मल तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. हात लावून ‘गरम लागतंय’ म्हणत तापाची गोळी देणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. थर्मामीटर वेगळा ठेवा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात मोजतात. जमत नसेल तर राहू द्या, डॉक्टर मोजतील.

मांजराच्या वाळूच्या ट्रेमध्ये रोज किती गोळे निघतात त्यावर नजर ठेवा. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त हवा. इथेच आणखी एक विषय निघतो: सून गरोदर राहिली की ‘मांजर सोडून या’ म्हणणारे. टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या शीतून येऊ शकतो, हे खरं. पण मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, काही आठवडे तो टाकतं, आणि शी पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक दिवस तरी जातो. ट्रे घरातल्या दुसऱ्या कुणी रोजच्या रोज साफ केला, कच्चं मांस मांजरालाही दिलं नाही आणि भाज्या धुऊन घेतल्या, की मांजर घरात राहू शकतं. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली कोथिंबीर यांची भीती मांजरापेक्षा जास्त बाळगावी. शंका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

८. नसबंदी

मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण ६३ दिवसांत विते, म्हणून उशीर करू नका. कुत्र्याचं वय जात आणि आकार पाहून डॉक्टर ठरवतात. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ याला वैद्यकीय आधार नाही. नसबंदी न झालेल्या कुत्रीला माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. ती खूप पाणी पिते, खाणं सोडते, कधी खालून घाण स्राव दिसतो, कधी काहीच दिसत नाही. हे जिवावरचं दुखणं आहे. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत संसर्गाने पसरणाऱ्या लैंगिक अवयवांच्या गाठीही आपल्याकडे पुष्कळ आढळतात. ऑपरेशनआधी रक्त तपासून घ्या, आणि नंतर गळ्यातली प्लास्टिकची कॉलर ‘बिचारं कंटाळलंय’ म्हणून काढू नका. टाके चाटून उसवायला दहा मिनिटं लागतात.

९. सकाळची वाट बघायची नाही अशी लक्षणं

बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि थेंबही पडत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं. बहुतेक वेळा लघवी अडकलेली असते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्री दोन वाजता असलं तरी निघा.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट टम्म फुगलंय, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही: पोटाला पीळ पडलेला असू शकतो. लस अपुरी असलेल्या पिल्लाला उलट्या आणि कुबट वासाचे रक्ताचे जुलाब: पार्वो समजूनच चला, सलाईन जितकं लवकर तितकी आशा. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर. थांबत नसलेली फिट. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकतंय. साप चावल्याचा संशय. उंदरांचं विष खाल्लं असेल तर पाकीट बरोबर न्या, कारण रक्त न गोठू देणाऱ्या विषावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या विषावर नाही. रक्त न गोठू देणाऱ्या विषाची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात, म्हणून ‘अजून खेळतंय’ यावर जाऊ नका. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका.

मांजराने दीड-दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तेही थांबण्यासारखं नाही. लठ्ठ मांजराच्या यकृतात लगेच चरबी साचते.

निघण्याआधी दवाखान्यात फोन करा. व्हिडिओ काढा. फिट आणि खोकला डॉक्टरांसमोर हमखास गायब होतात.

१०. घरातली औषधं घरातच राहू द्या

पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, किडन्या घालवतात. खरजेवर जळालेलं ऑईल चोपडणं, किडे पडलेल्या जखमेत डांबरगोळीची पूड भरणं, हे अजूनही चालतं. ती विषं कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातात. खरजेवर आता चांगल्या गोळ्या आहेत. मेडिकलमधून आयव्हरमेक्टिन आणून अंदाजाने टोचू नका, कोलीसारख्या जातींना ते मानवत नाही.

लिहून दिलेली गोळी कुत्र्याला चीजच्या तुकड्यात जाते. आधी दोन तुकडे रिकामे द्या, तिसऱ्यात गोळी आणि चौथा लगेच नाकासमोर धरा, म्हणजे तिसरा न चावता गिळला जातो. मांजराला गोळी दिल्यावर सुई काढलेल्या सिरिंजने पाच मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू पाजा. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते.

११. ऋतूप्रमाणे

उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे तर सकाळी सहाच्या आत फिरवून आणा. डांबरी रस्त्यावर हाताचा पालथा पंजा पाच सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याच्या पायांनाही तो रस्ता नको. पग, शिट्झू, पर्शियन मांजर यांना उष्णता लवकर लागते. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, चाल डगमगली की साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि निघा. बर्फ नको, बळेच पाणी पाजणं नको.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, साचलेल्या पाण्यातून लेप्टो येतो. उंदरांच्या लघवीतला हा जंतू कुत्र्याचं यकृत आणि किडन्या धरतो आणि माणसालाही होतो. लेप्टोची लस पावसाआधी उरकून घ्या. फिरून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

दिवाळीला आयत्या वेळी झोपेची गोळी मागू नका. फटाक्यांना घाबरणारं कुत्रं असेल तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोला. त्या दिवसांत खिडक्या-दारं बंद, गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर.

१२. सात वर्षांनंतर

इथून वर्षातून दोनदा तपासणी, त्यात रक्त आणि लघवी. मांजराने ओट्यावर उडी मारणं सोडलं की ‘वय झालं’ म्हणतात, पण सांधेदुखीवर औषध आहे. पाणी पिणं वाढलं तर किडनी, मधुमेह बघावाच लागतो. रोज भांड्यात किती पाणी ओतलं आणि किती उरलं ते आठवडाभर लिहून न्या.

लघवीचा नमुना सकाळचा पहिला. कुत्र्यासाठी स्वच्छ धुतलेला लांब दांड्याचा डाव घ्या, पहिली धार जाऊ द्या आणि मग मागून हळूच खाली धरा. कुत्री खाली बसते तेव्हा उथळ ताटली बरी पडते. नमुना झाकणाच्या बाटलीत ओतून दोन तासांत पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि बाटलीवर नाव टाका. मांजराच्या बाबतीत ही धडपड करू नका, डॉक्टर बहुधा सोनोग्राफीत पाहून सुईने थेट मूत्राशयातून घेतात. त्यासाठी मांजराने दवाखान्यात येण्याआधी तासभर तरी लघवी केलेली नसावी, तेव्हा निघण्यापूर्वी ट्रे उचलून ठेवा.